चुलीतलं लाकूड कुठून आलं?



आपल्या घरांत आहारशुद्धीबद्दल रोज बोलणं होतं. धान्य निवडलं का, पीठ किती दिवसांचं आहे, पाणी गाळलं का, सूर्यास्ताला किती वेळ राहिला. पण हे अन्न ज्या आचेवर शिजतं ती आच कुठून आली, हे आपण आता विचारत नाही. सिलिंडर येतो, शेगडीचं बटण फिरतं आणि काम होतं. आपल्या आज्या-पणज्यांना मात्र तो प्रश्न रोज पडत असे. चुलीत घालण्याआधी प्रत्येक लाकूड झटकून बघायचं, पोखरलेलं असेल तर बाजूला ठेवायचं, चूल पेटवण्याआधी पुंजणीने हलक्या हाताने पुंजायची. पावसाळ्यात ओल्या लाकडात जीव जास्त, म्हणून चातुर्मासाचं सरपण उन्हाळ्यातच वाळवून कोरड्या जागी रचून ठेवायचं. अग्निकायाची आणि वनस्पतिकायाची विराधना कमीत कमी व्हावी एवढाच त्यामागचा हेतू.

त्या सरपणाचा इतिहास आज सांगायचा आहे. तो आपल्या चुलीपाशी सुरू होतो, पण त्याचा भार दुसऱ्याच बायांच्या डोक्यावर आहे.

महाडहून सावित्रीच्या खाडीच्या अंगाने गेलं की खाडीपट्ट्यातली गावं लागतात. तुडील त्यांतलंच एक. खाली खाडी आणि भातखाचरं, वर वरकस जमिनीचे डोंगरउतार, त्यांवर ऐन, किंजळ, खैर, करवंदीच्या जाळ्या. पावसाळ्यात इथे तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एवढ्या पावसात रानात सुकं लाकूड मिळत नाही. म्हणून इथल्या बाईचं वर्ष दोन भागांत वाटलेलं असतं. भातकापणी उरकली की जूनच्या आत जमेल तेवढं सरपण गोळा करायचं, आणि पुढचे चार महिने ते पुरवून वापरायचं. कोयता, दोर आणि डोक्यावर चुंबळ घेऊन पहाटे डोंगर चढायचा, सुक्या काटक्या वेचायच्या, वाळलेल्या फांद्या तोडायच्या आणि वीस-पंचवीस किलोंचा भारा घेऊन उतरायचं. घरी आल्यावर पाणी, भाकरी, गुरं आहेतच. रान जवळ असेल तर हे काम दोन तासांत होतं. रान दूर गेलं की त्यात अर्धा दिवस जातो, आणि मग मोठी मुलगी शाळा बुडवून सोबत येते.

रान दूर का गेलं? शहरात याचं उत्तर ठरलेलं असतं: गावच्या बायकांनी तोडून तोडून संपवलं. इतिहास मात्र वेगळं सांगतो.

रयतेची झाडं आणि सरकारचं रान

महाड तालुक्यातच रायगड आहे, तेव्हा सुरुवात स्वराज्यापासून करू. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाचा विषय आहे. जहाजांना सागवान लागतं, ते परवानगीने रानातून आणावं. आंबा-फणसाचं लाकूडही उपयोगी, पण त्याला हात लावू देऊ नये, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती पोटच्या मुलांसारखी जपलेली असतात. एखादं झाड फारच जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊनच घ्यावं. झाड तोडलं जातं तेव्हा ते वाढवणाऱ्याला दुःख होतं, हे इथे राज्यकारभाराच्या ग्रंथात नोंदवलेलं आहे.

इंग्रजी अमलात हा विचार बदलला. १८६५ मध्ये पहिला जंगल कायदा झाला आणि १८७८ मध्ये दुसरा, जास्त कडक. राने राखीव आणि संरक्षित अशा वर्गांत विभागली गेली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या रानातून पाला, गवत, लाकूडफाटा आणला जाई, तिथे आता सरकारची परवानगी लागू लागली. कोकणातल्या शेतकऱ्याला याचा चटका लगेच बसला, कारण इथली भातशेती राबावर चालते. राब म्हणजे रोपं करायच्या जागेवर झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत, शेण पसरून उन्हाळ्यात भाजायचं आणि त्या भाजलेल्या जमिनीत भात पेरायचं. त्या डहाळ्या ऐनाच्या आणि इतर झाडांच्या. त्यांवर बंदी आली म्हणजे थेट पिकावर घाला.

ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) या दोन जिल्ह्यांत याविरुद्ध इतकी ओरड झाली की १८८५ मध्ये सरकारला चौकशीसाठी मुंबई फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. राब, वरकस जमिनी आणि त्यांवरच्या झाडांवर हक्क कोणाचा, हे त्यातले मोठे वाद होते. महात्मा जोतिराव फुल्यांनी त्याआधीच, 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या ग्रंथात, जंगलखात्याने शेतकऱ्याच्या गुराढोरांना चरायला जागा ठेवली नाही अशी खरमरीत टीका केली होती.

या सगळ्या वादात कागदोपत्री बोलणारे पुरुष होते. शेतकरी, जमीनदार, वकील, अधिकारी. पण रोजचं लाकूड आणायला रानात जाई ती बाई. गार्डाने कोयता काढून घेतला तर तिचा, मोळी जप्त झाली तर तिची, आणि संध्याकाळी चूल पेटली नाही तर बोलणी खायची तीही तिनेच.

मुंबईच्या चुली

रान राखीव झालं म्हणजे ते वाचलं असं मात्र नाही. १८७२ च्या शिरगणतीत मुंबई शहराची वस्ती साडेसहा लाखांच्या आसपास होती. एवढ्या लोकांचा रोजचा स्वयंपाक, आंघोळीचं पाणी, भटारखाने, हलवायांच्या भट्ट्या, स्मशानातल्या चिता, सगळं लाकूड आणि कोळशावर. हे जळण समुद्रमार्गे येई. कुलाब्याच्या खाड्यांमधून भात, गवत, जळाऊ लाकूड आणि लाकडी कोळसा भरलेली गलबतं मुंबईला जात. आपल्या सावित्रीच्या खाडीतही भरतीबरोबर होड्या आत येत, आणि खाडीच्या तोंडाशी बाणकोटचं बंदर होतं. ज्यांच्या माहेरी किंवा सासरी मुंबईचा जुना व्यवहार आहे, त्यांनी लाकडाची वखार, कोळशाची वखार हे शब्द ऐकलेले असतील. त्या वखारींचं दुसरं टोक कोकणच्या डोंगरावर होतं.

डोंगरावर कोळसा पाडायचं काम करत कातकरी. त्यांचं नावच रानाशी जोडलेलं. खैराच्या लाकडातून कात काढणारे म्हणून काथोडी किंवा कातकरी. आपण विड्यात जो कात घालतो तो हाच. कोळशासाठी लाकूड तोडायचं, रचायचं, वरून पाला-मातीने झाकून आतल्या आत धुमसत ठेवायचं आणि त्या धुरात रात्रंदिवस भट्टी राखायची. बायका-मुलं सगळी कामाला. लाकडापेक्षा कोळसा हलका, वाहून न्यायला सोपा, म्हणून शहराला तो परवडे. पण एक पोतं कोळसा करायला त्याच्या कित्येक पट वजनाचं लाकूड जाळावं लागतं.

आता गावातल्या बाईची मोळी आठवा. तिच्यात सुक्या काटक्या, बांधावरच्या छाटलेल्या फांद्या, काजू-आंब्याचं पडलेलं लाकूड. उभं झाड तोडायला तिच्याकडे ना वेळ, ना कुऱ्हाड चालवायला माणूस. १९७० च्या दशकात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ अमूल्य रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नाटकातल्या पुरा नावाच्या गावात घरोघरी किती इंधन लागतं याचा बारकाईने अभ्यास केला. तिथेही हेच दिसलं. चुलीतलं लाकूड बहुतेक काटक्या-फांद्यांचं होतं, त्यासाठी जंगल तोडलं जात नव्हतं, आणि ते आणण्याचा मोठा भार बायका-मुलांवर होता. त्याच दशकात, १९७५ मध्ये, अमेरिकेतल्या एरिक एकहोम यांनी जगाला सरपणटंचाईचा इशारा दिला, तेव्हा ती खनिज तेलाइतकीच मोठी टंचाई आहे असं त्यांचं सांगणं होतं. टंचाई खरीच होती. पण तिचा दोष ज्या बाईवर आला, ती ते सोसणारी होती.

हुतात्म्यांचं रान

१९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाबरोबर महाराष्ट्रात ठिकठिकाणी जंगल सत्याग्रह झाले. समुद्र नसलेल्या गावांनी मिठाऐवजी रानातलं गवत-लाकूड तोडून कायदा मोडला. सांगलीकडच्या बिळाशीत झालं, विदर्भात झालं, आणि आपल्या कुलाबा जिल्ह्यात उरणजवळ चिरनेरला झालं. २५ सप्टेंबर १९३० ला अक्कादेवीच्या माळावर गावकरी जमले, पोलिसांनी गोळीबार केला. हुतात्म्यांमध्ये नाग्या महादू कातकरी हा तरुणही होता. ज्या समाजाच्या हातून शहरासाठी रान जाळून घेतलं, त्याच समाजातला एक मुलगा रानावरच्या हक्कासाठी गेला.

स्वातंत्र्यानंतरही चित्र फार बदललं नाही. रस्ते झाले, गलबतांऐवजी ट्रक आले. १९६४ मध्ये राज्याने वृक्षतोडीवर नियंत्रणाचा कायदा केला, १९७५ मध्ये खाजगी वने सरकारजमा करण्याचा. कायदे होत गेले तरी डोंगर उघडे पडत गेले. जिथे श्रद्धेने राखलं तिथे मात्र रान टिकलं. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची कालकाईची देवराई तोडायचं ठरलं, तेव्हा गावकऱ्यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्याकडे धाव घेतली. गावाचा पाण्याचा झरा त्या राईतून येत होता. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या अशा देवरायांचा अभ्यास करून त्यांचं मोल जगापुढे मांडलं. अनेक देवरायांत पडलेली काटकीही घरी न्यायची नाही असा दंडक असतो. आपल्याला यात अपरिग्रहाची ओळख पटावी.

रान जातं तेव्हा आधी सरपण जातं, मग झऱ्याचं पाणी, मग माती. सरपण नाही म्हणून बाई शेणाच्या गोवऱ्या थापते. शेण चुलीत गेलं की शेताचं खत गेलं. खाडीकाठी तिवराच्या झाडांवर कुऱ्हाड पडते, म्हणजे माशांची वाढण्याची जागा गेली. महाड-पोलादपूरने दरडीही पाहिल्या. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते ही गावं, आणि २२ जुलै २०२१ ला तळिये. कोसळलेला प्रचंड पाऊस आणि डोंगराची ठिसूळ माती हे त्याचं मुख्य कारण, दोष मोळी वाहणाऱ्या बाईचा नाही. पण झाडाची मुळं माती धरून ठेवतात हे डोंगराखाली राहणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे.

धूर कोणाच्या वाट्याला

शहराची चूल लवकर सुटली. रॉकेलचा स्टोव्ह आला, १९५५ मध्ये मुंबईत बर्मा-शेलने स्वयंपाकाचा गॅस आणला. जुन्या बायका अजून 'बर्शेन' म्हणतात तो हाच. गावाच्या वाट्याला सुधारित चुलींचे प्रयोग आले. वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाच्या प्रेरणेने 'मगन चूल' तयार झाली, धुराडं असलेली. १९८३ पासून केंद्र सरकारने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम चालवला, तो २००२ मध्ये बंद झाला. कित्येक चुली वर्षभरात फुटल्या, धुराडी काजळीने बुजली. भाकरीचा तवा बसेल का, मोठं भांडं राहील का, ओलं लाकूड चालेल का, हे जिथे जिथे बाईला विचारलं नाही, तिथे तिने ती चूल बाजूला ठेवून आपली मातीची चूल परत लावली.

१ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि लाखो घरांत सिलिंडर पोचला. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१९-२१ मध्ये स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरं देशात ५८.६ टक्के होती, ग्रामीण भागात फक्त ४३.२ टक्के. जोडणी मिळाली तरी पुढचा सिलिंडर भरायला पैसे हवेत. म्हणून चहा गॅसवर आणि भात, भाकरी, आंघोळीचं पाणी चुलीवर, अशी वाटणी होते. घरातल्या धुरामुळे २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख माणसं अकाली गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात चुलीशी बसणाऱ्या बाया आणि त्यांच्या कडेवरची बाळं किती असतील याचा विचार करा.

पंधरा कर्मादानांत पहिलं कोणतं?

आता आपल्याकडे वळते. उपासकदशांगात आनंद श्रावकाची कथा आहे. तिथे सातव्या व्रताच्या संदर्भात श्रावकाने करू नयेत असे पंधरा धंदे सांगितले आहेत, ती पंधरा कर्मादानं. प्रतिक्रमणात आपण ती म्हणतो. त्यांत पहिलं आहे अंगारकर्म, म्हणजे कोळसा पाडण्यासारखे भट्टीचे धंदे. दुसरं वनकर्म, म्हणजे रान तोडून विकणं. पुढे रानाला वणवा लावणं आणि तळी-सरोवरं आटवणं हेही आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात अंगारकर्मात विटा भाजण्याचा धंदाही घेतला. दिगंबर परंपरेत समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचा विचार आहे. गरज नसताना जमीन खणणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, झाडं तोडणं ही प्रमादचर्या.

लाकूड, कोळसा, रान यांचं नाव आपल्या आचार्यांनी असं आधी का घेतलं असेल? मला वाटतं, या धंद्यांत जीवांचा घात एका जागी थांबत नाही. झाड जातं, त्यावरचे पक्षी-किडे जातात, खालचा झरा जातो, आणि शेवटी डोक्यावर भारा घेतलेल्या बाईची वाट लांबते. पंचेंद्रिय जीवालाही त्याची झळ पोचते, आणि ती माणूस आहे म्हणून आपण तिला जीवदयेच्या हिशेबातून वगळतो.

"आपण कुठे कोळशाचा धंदा करतो?" असं कोणी म्हणेल. खरं आहे. पण करणं, करवणं आणि अनुमोदणं असे तीन दरवाजे आपल्याच धर्माने सांगितले आहेत. रायगडातली कातकरी कुटुंबं आजही मुकादमाकडून उचल घेऊन कोळसा भट्ट्यांवर आणि वीटभट्ट्यांवर परमुलखात जातात. पावसाळ्यात परततात तेव्हा उचल फिटलेली असेलच असं नाही. तो कोळसा शहरातल्या तंदूरमध्ये जळतो. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत दुसऱ्या इंधनावर जायला सांगितलं, म्हणजे दीडशे वर्षांनंतरही मुंबईची भट्टी रान खातच होती.

मग आपण काय करायचं? चार साध्या गोष्टी सुचतात. संघाचं साधर्मिक वात्सल्य असो की घरचं लग्न, आचाऱ्याची भट्टी कशावर पेटणार हे भाजीइतकंच चौकशीने विचारायचं, आणि लाकूड असेल तर नाही म्हणायचं. बाहेर खाताना कोळशाच्या आचेवरचं घ्यायचं नाही, असा निदान चातुर्मासापुरता नियम घ्यायचा. घरात डाळ भिजवून, झाकण ठेवून, भांडं चढवल्यावरच शेगडी पेटवायची. हा अनर्थदंडाचाच त्याग आहे. आणि महिला मंडळाच्या अनुकंपा फंडातून जवळच्या वाडीतल्या एखाद्या घराचा सिलिंडर भरून द्यायचा, एकदा नाही, वर्षभर. पाऊस सुरू होण्याआधी दिला तर जास्त चांगलं. तेव्हाच सरपण ओलं होतं आणि तेव्हाच तिच्याकडे पैसा नसतो.

पुंजणीने चूल पुंजताना एक मुंगी वाचावी म्हणून आपल्या आज्या थांबत. गॅसची शेगडी पुसताना आपण तुडीलच्या डोंगरावरून भारा घेऊन उतरणाऱ्या बाईसाठी थोडं थांबलो, तर ती त्यांचीच शिकवण झाली.